परमिट

दुधगाव फीडरला फॉल्ट असला
की पहिला ट्राय मी घेतोच.
ब्रेकर बसतो, क्षणभर कवठेपिरान उजळतं,
आणि धाड्.
मग फोन. ऊस वाळतोय, दळण अडकलंय,
कुणाच्या साखरपुड्याचा मांडव अंधारात.
त्या फोनपायी एकदा मी चार ट्राय घेतले.
बाळगोंडा आला, जळक्या केबलचा वास घेतला
आणि एवढंच म्हणाला,
"ती नको म्हणत हुती. तुम्ही लावतच हुता."

तोच बाळगोंडा मगदूम
आता मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर.
मंगळवारी खांबावरून नीट उतरला,
पट्टा सोडला, पक्कड पिशवीत टाकली,
कप ओठाशी नेला
आणि चहा सगळा उजवीकडून सांडला.
लोक म्हणाले, वारं गेलं अंगावरून.
वारं कसलं.
दिवसभर पान हललं नव्हतं.

डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीएवढ्या.
औषधाच्या बिलामागं त्यांनी डोकं काढलं,
मधे एक ठिपका गिरवून काळा केला.
"हे गेलं."
भोवती कडं, ते कोरंच ठेवलं.
"इथल्या पेशी मेल्या नाहीत.
रक्त कमी पडतंय म्हणून गप्प आहेत, जीव राखून."
मला वाटलं, म्हणजे लोडशेडिंग. चालेल.
"पण ठिपक्याच्या काठावरून लाट सुटते. विजेची.
मिनिटाला तीन मिलिमीटर, मुंगीहून हळू.
पोचेल तिथली प्रत्येक पेशी एकदम रिकामी होते,
मग पुन्हा भरायला धडपडते.
भरायला ताकद लागते, ताकद रक्तातून येते,
आणि रक्त तर—"
पेन थांबलं.
"अशा लाटा येत राहिल्या की ठिपका वाढत जातो."

म्हणजे ट्राय घेतायत, मी म्हणालो.
फॉल्ट तसाच ठेवून लाइन चार्ज करतायत.
आत ऑपरेटर कोण आहे?
त्या हसल्या नाहीत.

कवटीचा तुकडा काढला तेव्हा
मेंदूवर एक पट्टी ठेवलीय,
तिच्या वायरी पडद्यापर्यंत आल्यात.
सहा रेघा.
त्रिशला जिन्यात बसल्या बसल्या झोपलीय
आणि मी, जन्मभर मीटर वाचलेला माणूस, रेघा वाचतो.
दोन वाजून दहा मिनिटं. वरची आडवी झाली.
मग तिच्या खालची. मग तिच्याही खालची.
आयर्विनखाली पाणी फुटाफुटानं चढतं
आणि आम्ही एकेक ट्रान्सफॉर्मर बंद करत मागं सरतो,
सावळवाडी गेली, माळवाडी गेली, तशी.
बाहेरून काही नाही.
पापणी नाही, बोट नाही.
पहिली रेघ अकरा मिनिटांनी उठली.
काल सात लागली होती.

लाट थांबवायचं बटण अजून कुणाला सापडलेलं नाही, बाई म्हणाल्या.
ताप चढू द्यायचा नाही, साखर बघायची,
प्रेशर पडू द्यायचं नाही.
कोरं कडं सांभाळायचं.
नर्स कपाळावरचं फडकं बदलते
आणि मला तेवढ्यात वही आठवते.

चढायच्या आधी तो परमिट घ्यायचा.
त्याची सही, माझी सही, वेळ.
ज्यानं घेतलं त्यानंच परत करायचं,
तोवर देव खाली आला तरी लाइन चार्ज करायची नाही.
मंगळवारी साहेबांनी स्वतः तपासून चालू करून घेतली,
त्यात चूक काही नाही.
पण परतीच्या रकान्यात सही नाही.
नवा वायरमन विचारत होता, काट मारू का.
राहू दे म्हणालो.

चारला पुन्हा वरची रेघ झोपली, मग दुसरी.
मी त्याच्या कानाशी वाकलो.
बाळगोंडा, घाई नको.
कुणाचाही फोन आलेला नाही.
रिसीव्हर काढून ठेवलाय मी.

तिसरी आडवी झाली.
चौथी अजून हलत होती.